गिरणगावातलं मूल कादंबरीत कसं लिहावं

१९८२ च्या गिरणी संपातलं मुंबईचं गिरणगाव आणि कथा सांगणारं आठ-नऊ वर्षांचं मूल, हा बेत बऱ्याच जणांच्या वहीत असतो. पहिली दोन-तीन प्रकरणं झरझर उतरतात. चौथ्याच्या आसपास गाडी अडते. मूल एकदम मालक आणि युनियनवर बोलायला लागतं, नाहीतर इतकं भोळं होतं की वाचकाला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. दोन्हींचं मूळ एकच. निरागस म्हणजे ज्याला काही कळत नाही, असं लेखकाने धरलेलं असतं.

दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढणाऱ्या मुलाला पुष्कळ कळतं. पगाराची तारीख, रॉकेलचा कॅन किती हलका झालाय, आजीच्या औषधाची बाटली कोणत्या रेघेपर्यंत उतरली, शेजारच्या खोलीत काल रात्री कोण रडलं, सगळं. तो हिशेबही करतो आणि बेरीज बरोबर असते. चुकलेला असतो एखाद्याच गोष्टीचा भाव. बाबा घरी म्हणजे रविवार. आठवडाभर बाबा घरी, म्हणजे आठवडाभर रविवार. बेरजेत काही खोट नाही. रविवार कशाला म्हणायचं, एवढंच अजून कळलेलं नाही. कादंबरीभर सांभाळायची ती ही एक चूक. ती कोणती, कुठे दुरुस्त होते आणि दुरुस्तीची किंमत कोण मोजतं, हे लिहायला बसण्यापूर्वी एका ओळीत लिहून भिंतीला चिकटवा.

आधी मुलाची जन्मतारीख

नाव नंतर ठेवा. आधी तारीख ठरवा, कारण आठ वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल यांत जेवढं अंतर असतं तेवढं तीस आणि चाळीसच्या माणसांत नसतं. समजा मुलगा मार्च १९७३ चा. जून १९७९ ला पहिलीत. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, सोमवारी. तेव्हा तो पावणेनऊ वर्षांचा, तिसरीत. त्या जूनमध्ये चौथीत, म्हणजे स्कॉलरशिपचं वर्ष. २५ जून १९८३ ला भारताने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा तो दहा वर्षांचा आणि पाचवीत.

आता मोठा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात जगाच्या तारखा, दुसऱ्यात शाळा आणि सण, तिसऱ्यात घर. पहिला रकाना भरायला सगळ्यांना आवडतं: संपाचे नेते दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, साठेक गिरण्या, १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, वगैरे. पण मुलाचं वर्ष चालतं दुसऱ्या रकान्यावर. संक्रांत १४ जानेवारीची, म्हणजे संप सुरू झाला तेव्हा चाळीच्या तारांवर चार दिवसांपूर्वीचे पतंग अजून लटकत होते. मुलासाठी त्या आठवड्याची मोठी बातमी ही आहे.

दुसरा रकाना पंचांग घेऊनच भरा. १९८२ साली अधिक आश्विन होता, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. अंदाजाने ऑक्टोबरात फटाके उडवलेत तर चाळीत वाढलेला पहिला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. संपाच्या वर्षी सण महिनाभर लांबला, याचा मुलाच्या हिशेबात काय अर्थ होतो? अधिक महिना म्हणजे दिवाळीला एक महिना जास्त थांबायचं, आणि मोठी माणसं म्हणतात, दिवाळीपर्यंत मिटेल. म्हणजे संप एक महिना जास्त. त्याच्या दृष्टीने दोष पंचांगाचा. असा मुद्दा लेखकाला बसल्या जागी सुचत नाही, तो तारखांच्या कागदावर सापडतो.

आणखी एक तारीख सोडू नका. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईतल्या पोलिसांनीच बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं. चारच दिवसांनी गणेश चतुर्थी. तुमची पोरं सात महिने गल्लीत कामगार-पोलीस खेळत असतील तर त्या दिवशी खेळाचे नियमच मोडतात. पोलीसच रस्त्यावर उतरले तर पकडायचं कोणी? या एका भांडणात मुलांना जो अर्थ काढायचा तो काढू द्या, मोठ्या माणसाकडून त्याचा खुलासा करून घेऊ नका.

खोली मोजून घ्या

'चाळ' असं नुसतं लिहून भागत नाही. गिरणगावात दोन तऱ्हेच्या चाळी, आणि दोन्हींत मूल वेगळं घडतं. खाजगी मालकाच्या जुन्या चाळीला बाहेरून लाकडी गॅलरी, खाली चौक. तिथलं मूल वरून बघत वाढतं: कोण आलं, कोणाच्या हातात काय आहे, कोण चौकातूनच परत गेलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या सरकारी बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथे मार्गिका इमारतीच्या पोटातून जाते, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, दिवसाही काळोख. तिथलं मूल बघण्यापेक्षा ऐकतं आणि वास घेतं. कोणत्या दारामागे आज काय शिजलं, आणि कोणत्या दारामागे काहीच नाही, हे त्याला चालता चालता कळतं. निरागस नजर वगैरे म्हणतात ती अशा बांधकामातून येते.

खोलीचा नकाशा प्रमाणात काढा, एका फुटाला एक सेंटिमीटर. त्यात मोरी, पाण्याचं पिंप, ओटा किंवा जमिनीवरचा स्टोव्ह, कॉट, पोटमाळा, देव्हारा, कपड्यांची दोरी. मग रात्री अकराला कोण कुठे झोपतं ते आखा. तिथेच निम्म्या प्रवेशांचा निकाल लागतो. मूल कॉटखाली झोपत असेल तर आईबाबांचं रात्रीचं बोलणं त्याला पूर्ण ऐकू येतं आणि चेहरे मात्र दिसत नाहीत. गॅलरीत झोपत असेल तर उलट: बाबा बिडी ओढताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. यातला एक प्रकार निवडून शेवटपर्यंत पाळा. मुलाला एका रात्री सगळं दिसलं आणि सगळं ऐकूही आलं, की तो कॅमेरा झाला.

उंचीही लिहून ठेवा. या वयाचं मूल सुमारे चार फूट. ओट्याची कड त्याच्या छातीशी, पिठाच्या डब्याचा तळ त्याला दिसत नाही. डबा रिकामा आहे हे त्याला आईच्या हातातल्या वाटीचा तळाला घासल्याचा आवाज सांगतो. हा एक आवाज पानभर गरिबीच्या वर्णनाचं काम करतो.

पाळ्यांचं वेळापत्रकही हाताशी हवं. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. तिसऱ्या पाळीचा बाप दिवसा झोपतो, म्हणून ते मूल कुजबुजत खेळायला शिकलेलं असतं. त्याचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. संपात ही दोन्ही व्यवस्था कोलमडतात: दिवसा आवाज करायची मुभा मिळते आणि सकाळी उठवणारं काही उरत नाही. मुलाचा पहिला आनंद आणि शाळेतली पहिली शिक्षा, दोन्ही इथूनच काढा.

शब्द: ऐकलेले, अर्धवट आणि चुकून जोडलेले

मुलाची भाषा सोपी असते हा गैरसमज. ती अपुऱ्या साठ्यातली असते. गिरणगावातल्या मुलाकडे तर तीन भाषा: घरात आजीची मालवणी किंवा घाटावरची बोली, शाळेत बालभारतीची, गल्लीत मुंबईची. 'खंय चललंस?' असं आजीने विचारलं की तो मालवणीत उत्तर देईल, तेच मित्रासमोर विचारलं तर गल्लीच्या मराठीत. निवेदन यांपैकी कोणत्या भाषेत, हे ठरवा. आमचं मत असं, की निवेदन गल्लीच्या भाषेत ठेवावं आणि बाईंचे, पुस्तकातले शब्द अधूनमधून त्यात चुकीच्या जागी पडू द्यावेत. पाठ्यपुस्तकातलं 'आनंदी आनंद झाला' हे वाक्य मुलाने गिरणीच्या फाटकावरच्या सभेबद्दल, गेट मीटिंगबद्दल वापरलं, की ते त्याचंच वाटतं.

बाबांना 'बाबा' म्हणतो की 'दादा', 'आप्पा'? 'अहो बाबा' की 'अरे बाबा'? शेजारणीला काकी, मावशी की नावापुढे ताई? पहिल्या प्रकरणात ठरवा. घरागणिक फरक असतो, पण एका घरात नसतो.

आता खरा माल: मोठ्यांचे शब्द मुलाच्या डोक्यात भलत्याच खणात जाऊन पडतात. मराठीने इथे आपल्याला आयतं दिलंय. गिरणीत 'बदली' म्हणजे कायम नसलेला, कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा कामगार. शाळेत 'बदली' म्हणजे गेल्या वर्षीच्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या ते. 'ह्याचा बाप अजून बदलीच आहे', हे मुलाने ऐकलं तर? त्याला वाटेल बाबांना कुठेतरी पाठवणार. तो रोज रात्री दाराकडे पाय करून झोपेल, बाबा निघाले तर पायाला लागतील म्हणून. कारण सांगू नका. पाय तेवढे दाखवा.

दुसरा शब्द खुद्द 'संप'. संपणं आणि संप. मुलाला हे एकाच घरातले वाटणारच. ज्याचं नावच संप ते संपणार, यात शंका कसली? हा विनोद पहिल्या शंभर पानांत एकदाच वापरा, आणि परत हात लावू नका. वाचकाला ठाऊक असतं की हा संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. शेवटाकडे शब्द आपला आपण बोलतो. लेखकाने पुन्हा उच्चारला की त्याचं सुभाषित होतं.

अशा चुकीच्या जोडण्या कादंबरीभर पाच-सहा पुरेत. पंधरा झाल्या की मूल विनोदी कार्यक्रमातलं वाटतं. प्रत्येक जोडणीला कृती हवी, नुसता गोड उच्चार नको. चुकीच्या अर्थावर भरवसा ठेवून मुलाने काहीतरी केलं पाहिजे.

उपमांचा साठाही मोजून द्या. बारा-पंधरा वस्तूंची यादी करा: गोटी, मांजा, भोवरा, मागाच्या धोट्यातली रिकामी कांडी, रेशनच्या दुकानातलं वजन, बसचं तिकीट, देवळातली घंटा, बर्फाचा गोळा. सगळ्या तुलना यातूनच. समुद्र जवळ असला तरी 'अथांग' त्याच्याकडे नाही. 'दारिद्र्य', 'उदास', 'हतबल' हेही नाहीत. नाणी आहेत, आणि ती अचूक हवीत: पाच आणि दहा पैसे हलके, ॲल्युमिनियमचे, दहाच्याला कडेने नागमोडी. वीस पैशांचं षट्कोनी नाणं १९८२ चंच, म्हणजे त्या वर्षी चाळीतल्या पोरांनी ते एकमेकांच्या हातात देऊन बघितलं असणार. पंचवीसला ती 'चार आणे'च म्हणतील.

एक उतारा, दोनदा

पहिल्या खर्ड्यात हमखास असं काहीतरी येतं:

'गिरणी बंद पडली आणि घरावर दारिद्र्याची काळी सावली पसरली. बाबांचा चेहरा ओढलेला होता. निरागस विलासला मात्र त्याची जाणीव नव्हती. डोळे विस्फारून त्याने विचारलं, "बाबा, आपण गरीब झालो का?"'

सावली कोणी पाहिली? विलासने नाही. चेहरा ओढलेला हा निष्कर्ष मोठ्या माणसाचा. 'निरागस' हे विशेषण लेखकाने मुलाच्या गळ्यात पाटीसारखं अडकवलंय. आणि तो प्रश्न कुठलंच मूल विचारत नाही, कारण त्याच्या लेखी सगळी चाळ सारखीच आहे. गरीब ही तुलना आहे, आणि तुलनेला लागणारी दुसरी बाजू त्याने अजून बघितलेली नाही.

तेच पुन्हा:

'सोमवारी बाबा घरी. मंगळवारी पण घरी. आई म्हणाली, कर आवाज हवा तेवढा, कोण झोपलंय आज? मी ताटावर चमचा वाजवून बघितला. कोणी ओरडलं नाही. बुधवारी बाबांनी मला शाळेत सोडलं. आमच्या वर्गातल्या सात जणांचे बाबा फाटकाशी उभे होते. आधी कोणाचेच नसायचे. बाईंनी विचारलं, आज पालकसभा आहे का? शनिवारी मी मोजलं. सहा रविवार झाले, आणि खरा अजून यायचाच होता.'

यात एकही भाववाचक शब्द नाही. सात बाप फाटकाशी, ही माहिती मुलाला मजेची आणि वाचकाला धास्तीची. दोघांच्या मधल्या या फटीत निरागसपण राहतं, म्हणून फट बुजवायची नाही. 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की' असं वाक्य लिहावंसं वाटेल. बाजारात वहीखातं विसरणं दुकानदाराला जेवढं महागात पडतं तेवढंच हे पडतं, सगळी उधारी एका क्षणात बुडते.

मोठेपणी मागे वळून सांगणारा निवेदक हवा असेल तर हरकत नाही. मग त्याला स्वतंत्र जागा द्या: प्रकरणाच्या तोंडाला पाच-सहा ओळी, आणि त्यांत भावना नाही तर फक्त माहिती. 'त्या खोलीत आता वजनकाट्यांचं दुकान आहे', एवढंच. मुलाच्या प्रवेशात त्याने डोकावायचं नाही.

लेखकाला ठाऊक हवं, पानावर नको

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला बोलणी करायचा अधिकार मिळत होता, आणि कापड उद्योगात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कामगार सामंतांच्या मागे, मान्यता दुसऱ्यांकडे. तोडगा का निघेना याचं मोठं कारण हे. ते तुम्हाला नीट समजलेलं असावं आणि कादंबरीत त्याचा उल्लेख नसावा. मुलापर्यंत ते कसं पोचेल? 'ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोलतच नाहीत', असं बाबा काकांना म्हणतात. मुलाला हे भांडण ओळखीचं आहे, कट्टी असते तेव्हा मधल्या पोराकरवी निरोप जातो. बस.

माहिती गोळा करताना त्या काळची मुलं शोधा. आज ती पन्नाशीत आहेत. त्यांना 'तेव्हा कसं वाटायचं?' विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांचं एकसारखं आणि पॉलिश केलेलं येतं. विचारा: दप्तर कुठे टांगायचात? संडासच्या रांगेत तुमचा नंबर कोण धरायचं? अभ्यास कुठल्या दिव्याखाली? घरातली कोणती वस्तू एक दिवस दिसेनाशी झाली? या शेवटच्या प्रश्नाला लोक थांबतात. तांब्याचा हंडा, आईची शिवणाची मशीन, बाबांची सायकल. वस्तू लिहून घ्या, डोळ्यांतलं पाणी लिहू नका. जुनी वर्तमानपत्रं बघताना पहिल्या पानावर वेळ घालवू नका. जाहिराती, सिनेमाचे खेळ आणि हवामान यांतून मुलाची संध्याकाळ सापडते. कोणाची खरी हकीगत वापरणार असाल तर नाव, मजला आणि गिरणी तिन्ही बदला. चाळीत एवढ्यावरूनही ओळख पटते.

भाव दुरुस्त होतो तेव्हा

बालपण एका तडाख्यात संपवायचा मोह आवरा. बापाला अटक, भावाचं मरण, बहिणीवर आलेला प्रसंग, असं एक मोठं प्रकरण लिहून दुसऱ्या पानापासून मूल प्रौढ करून टाकतात. प्रत्यक्षात हिशेब तीन-चार लहान खेपांत बदलतो, आणि प्रत्येक खेपेला मूल जुनी बेरीज वाचवायचा प्रयत्न करतं.

रविवारचाच धागा घ्या. पहिली खेप: रविवार आहे, पण मटण नाही. मुलाचा तर्क असा की रोज रविवार असल्यावर रोज मटण कसं परवडेल? बेरीज वाचली. दुसरी खेप: आई सकाळी बाहेर जायला लागते, दादरकडे, कोणाकडे तरी धुणीभांडी. तिला रविवार नाही. मुलगा ठरवतो की रविवार फक्त पुरुषांचा असतो, आणि पुरावा म्हणून चाळीतल्या चार बायका मोजून दाखवतो. पुन्हा बेरीज वाचली, पण आता वाचकाला हसू येत नाही. तिसऱ्या खेपेला ती वाचत नाही. हा प्रवेश सगळ्यात सावकाश लिहा.

जुलैच्या विसाव्या तारखेनंतरचे दिवस, श्रावण लागलेला. मुलगा शेजारच्या काकींच्या दारात उभा. काकी पोळ्या लाटतायत.

'जेवलास का रे?'

'हो, आत्ताच.'

'काय होतं?'

'मटण.'

काकींचं लाटणं थांबतं. मग पुन्हा फिरायला लागतं. थोड्या वेळाने त्या वाटीभर उसळ झाकून देतात, 'आईला सांग, आज जास्तीची झाली.'

गटारी झाली की चाळीतल्या बहुतेक घरांत महिनाभर मटणाचं नाव नसतं. मुलाला हे ठाऊक आहे, पण भूक लपवायच्या घाईत त्याने सगळ्यात चांगलं जेवण सांगून टाकलं. खोटं बोलायची गरज त्याला कळली, खोटं बोलायची रीत अजून नाही. याच्या अलीकडे तो लहान होता, याच्या पलीकडे तो घराची अब्रू राखणाऱ्यांत जमा झाला. न कळणं संपलं म्हणून बालपण संपत नाही. कळलेलं झाकायला लागलं की संपतं.

या प्रवेशात तीन ठिकाणी लोक घसरतात. एक, काकींच्या डोळ्यांत पाणी आणतात. लाटणं थांबलं ते पुरे. दोन, श्रावणाचा खुलासा तिथेच करतात. तो वीस-तीस पानं आधी पेरायचा असतो, गटारीच्या दिवशी चाळभर सुटलेल्या वासाच्या निमित्ताने, म्हणजे इथे एक शब्द बोलावा लागत नाही. तीन, मुलाला घरी जाऊन आईच्या कुशीत रडवतात. त्याने वाटी आईला द्यावी आणि निरोप शब्दशः सांगावा. आईने त्यावर काय करावं हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त तिने वाटी रिकामी परत करू नये. चाळीत रिकामं भांडं परत जात नाही, चिमूटभर साखर तरी टाकतात. त्या घरात साखर आहे का, हाच पुढचा प्रवेश.

खर्डा तपासताना

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. मुलाला ज्याचं नाव ठाऊक नसेल अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. त्याला दिसलेल्या, हाताला लागलेल्या, वासाला आलेल्या गोष्टीखाली निळी. पानावर दोनपेक्षा जास्त लाल रेघा असतील तर ते पान तुम्ही बोलताय. निळ्या रेघा सात-आठपेक्षा कमी असतील तर मूल झोपलंय.

मग सलग तीन प्रकरणांत मूल कितीदा खेळतं ते मोजा. शून्य आलं तर दारिद्र्याचं प्रदर्शन चालू आहे. उपाशी पोरंही लगोरी फोडतात, डब्बा ऐसपैससाठी भांडतात, आणि तेवढा वेळ त्यांना खरोखर काही आठवत नाही. हे हलकं पान कापू नका. संपादक कापायला सांगतील, कारण 'कथानक पुढे जात नाही'. जात नाहीच. मुलांना त्याची काही घाई नसते.

मुलाने म्हटलेलं कुठलंही वाक्य दिनदर्शिकेच्या पानावर छापण्याजोगं वाटलं तर ते उडवा. मोठ्यांना शहाणपण शिकवणारं पोर हे भोळ्या पोराइतकंच खोटं, फक्त वाचकांच्या पत्रांत त्याचं कौतुक होतं म्हणून लेखक फसतात. उलट, मुलाने दुष्टपणा कुठे केलाय का बघा. निरागस मूल क्रूर असू शकतं. बदली कामगाराच्या पोराला खेळात नेहमी 'बदली'च ठेवणं, कोणी गैरहजर असेल तरच त्याला घेणं, हे तुमचाच नायक करू शकतो. सबंध कादंबरीत त्याने असं एकदाही केलं नसेल तर तुम्ही त्याला सांभाळून घेताय.

शेवटी प्रकरणं मोठ्याने वाचा, शक्यतो एका बैठकीत एकच. मुलाच्या वाक्याला दम पुरला नाही, मध्ये श्वास घ्यावा लागला, तर तिथे तोडा. 'कारण', 'त्यामुळे', 'तरीही' यांना गोल करा. मूल 'आणि', 'मग', 'तर' यांवर चालतं. कारणं जोडायची आपली सवय असते.

शेवट कुठे करायचा

संपाला शेवटची तारीख नाही, त्यामुळे कादंबरीला ती उसनी मिळत नाही. मुलाच्या रकान्यातली घ्या. पुष्कळ कुटुंबं कोकणात, घाटावर गावी परतली, आणि गावच्या शाळेत नाव घालायला आधी इथला दाखला काढावा लागला. कागदावर ठराविक रकाने असतात: जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, इयत्ता, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात कार्यालयातल्या माणसाने 'गावी जात असल्याने' लिहिलेलं असतं. मुलाची नजर त्यावर नेऊ नका. एस.टी.त खिडकीशी बसून त्याने बाबांकडून दाखला मागून घ्यावा, 'वर्तणूक : चांगली' एवढंच दोनदा वाचावं, आणि कागद पडलेल्या घड्यांवरच परत मिटून बाबांच्या वरच्या खिशात ठेवावा.